शेअरपॉइंटच्या डेटाबेसना नावं कशी द्यायची? जुन्या फार्मचा पसारा आवरायचाय

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी आयटी सांभाळतो. आमचा शेअरपॉइंट सर्व्हर २०१६ चा (कंपनीची कागदपत्रं आणि अंतर्गत साइट ठेवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) फार्म आहे, म्हणजे एकत्र चालणाऱ्या सर्व्हरचा गट. क्वालिटीची कागदपत्रं, ड्रॉइंग्ज, रजेचे अर्ज, सगळं त्यावरच चालतं. फार्म मी उभा केलेला नाही. आधीच्या ठेकेदाराने केला आणि तो गेला. मागे राहिली पासवर्डची एक वही आणि एसक्यूएल सर्व्हरवर एकवीस डेटाबेस. २०१६ च्या सपोर्टची शेवटची तारीख १४ जुलै २०२६, म्हणून शेअरपॉइंटच्या नव्या आवृत्तीवर, सबस्क्रिप्शन एडिशनवर, जायचं ठरलंय. त्याआधी नावांचा हा गुंता सोडवायचा आहे.

गुंता कसला ते सांगतो. एसक्यूएलचे डेटाबेस बघायचा मॅनेजमेंट स्टुडिओ उघडला की डावीकडे 'मॅनेज्ड मेटाडेटा सर्व्हिस', मग अंडरस्कोअर, मग ३२ आकडे-अक्षरांची शेपटी. चौकट रुंद केल्याशिवाय शेपटी पूर्ण दिसत नाही. अशा नावाचे डेटाबेस आमच्याकडे दोन होते. दोन्हींची शेपटी '४एफ' ने सुरू.

मागच्या दिवाळीच्या आठवड्यात एका सहकाऱ्याच्या हातून टर्म स्टोअरमधला (फायलींना लावायच्या टॅगचा साठा, तो याच मेटाडेटाच्या डेटाबेसमध्ये असतो) 'पार्ट फॅमिली' हा टर्म सेट उडाला. तिथं रिसायकल बिन नाही. बॅकअपवरून आणू म्हणून आदल्या रात्रीची फाइल वेगळ्या सर्व्हरवर रिस्टोर केली, तर आतली शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची. अर्धा तास काहीच सुचेना. मग उलगडलं. ठेकेदाराने मध्येच कधीतरी मेटाडेटाची सर्व्हिस ॲप्लिकेशन (शेअरपॉइंटमधली एकेक सोय चालवणारा भाग) काढून पुन्हा तयार केली होती. काढताना 'डेटाही काढून टाका' या चौकटीत खूण केली नव्हती, म्हणून जुना डेटाबेस जागेवरच राहिला. बॅकअप जॉबमध्ये नावं हाताने टाकलेली होती, त्यात जुनंच नाव. मेलेल्या डेटाबेसचा बॅकअप रोज रात्री दीडला बिनचूक होत होता, आणि जिवंत डेटाबेस यादीत कधी आलाच नव्हता.

३४० टर्म आम्ही दोघांनी बसून पुन्हा टाकल्या. पण फाइलवरचा टॅग टर्मचं नाव नाही, तिचा आयडी धरून असतो. नव्या टर्मला नवा आयडी, त्यामुळे जुन्या फायलींचे टॅग तुटलेलेच राहिले. लायब्ररी एकेक करून स्क्रिप्टने पुन्हा टॅग लावायला नऊ दिवस गेले. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. नवीन फार्मवर नावं कशी द्यावीत, आणि जुन्यातली कोणती बदलता येतात, हे जाणकारांनी सांगावं.

सिंदफणा

दादा, आधी ही शेपटी येते कुठून ते बघू. मग तोडायची कुठं ते आपोआप कळेल.

शेअरपॉइंट बसवताना दोन विझार्ड लागतात. पहिला सर्व्हरवर चालतो, प्रॉडक्ट्स कॉन्फिगरेशन विझार्ड. तो कॉन्फिग डेटाबेसचं, म्हणजे फार्मची मांडणी ठेवणाऱ्या डेटाबेसचं, नाव विचारतो (आधीच भरून ठेवलेलं 'शेअरपॉइंट_कॉन्फिग' बहुतेक लोक तसंच ठेवतात), पण सेंट्रल ॲडमिनच्या (फार्म सांभाळायची वेबसाइट) कंटेंट डेटाबेसचं (साइटचा मजकूर ठेवणारा) नाव विचारत नाही. तिथं 'शेअरपॉइंट_ॲडमिनकंटेंट' आणि मागं जीयूआयडी, म्हणजे तीच आकडे-अक्षरांची शेपटी. दुसरा फार्म कॉन्फिगरेशन विझार्ड, सेंट्रल ॲडमिनमध्ये ब्राउझरमधून चालणारा. तो तर काहीच विचारत नाही. सर्व्हिसेसवर खुणा करा, ओके दाबा, चहा घेऊन या, तोवर डझनभर डेटाबेस शेपटीसकट तयार.

जीयूआयडी लावण्यामागं कारण आहे. एकाच एसक्यूएल इन्स्टन्सवर दोन-तीन फार्म असले तरी नावांची टक्कर होऊ नये. मशीनच्या दृष्टीनं बरोबरच आहे. पण रात्री बारा वाजता फोनवर 'बी बॉम्बेचा, डी दिल्लीचा' करत नाव सांगायची वेळ माणसावर येते.

म्हणून नव्या फार्मवर दोन्ही विझार्डना हात लावायचा नाही. पॉवरशेल, म्हणजे कमांड लिहून काम. (कमांडची नावं इथं देवनागरीत लिहायलोय, समजून घ्या.) 'न्यू-एसपीकॉन्फिगरेशनडेटाबेस' या कमांडला 'डेटाबेसनेम' आणि 'ॲडमिनिस्ट्रेशनकंटेंटडेटाबेसनेम' असे दोन पॅरामीटर आहेत. दोन्ही स्वतः द्या. इथंच डोकं शांत ठेवून काम करा, कारण कॉन्फिग डेटाबेसचं नाव नंतर बदलायला सरळ रस्ता नाही. फार्ममधला प्रत्येक सर्व्हर त्याच नावानं फार्मला जोडलेला असतो. नाव चुकलं तर व्यवहारात फार्म नव्यानं उभा करणं आलं.

पुढं सर्व्हिस ॲप्लिकेशन. मेटाडेटा, सिक्युअर स्टोअर, बिझनेस डेटा कनेक्टिव्हिटी, तिघांच्या 'न्यू' कमांडला 'डेटाबेसनेम' चालतं. युझर प्रोफाइलला तीन नावं द्यावी लागतात: प्रोफाइल, सोशल, सिंक. सर्चला एकच द्यायचं, बाकीचे तीन डेटाबेस तेच नाव पुढं धरून बनतात. म्हणजे तुम्ही 'प्रॉड_एसपी_सर्च' दिलं तर ॲडमिनचा तो स्वतः, आणि त्यामागं 'क्रॉलस्टोअर', 'लिंक्सस्टोअर', 'ॲनालिटिक्सरिपोर्टिंगस्टोअर' लागलेले तीन. चारही यादीत एकाखाली एक दिसतात, बघून बरं वाटतं.

पूर्णाथडी

सर, मी परभणीहून. नवीनच शिकायलोय. सेंट्रल ॲडमिनमध्ये 'मॅनेज सर्व्हिस ॲप्लिकेशन्स' मध्ये 'न्यू' दाबलं की फॉर्म येतो, त्यात डेटाबेसच्या नावाची चौकट दिसली मला. तिथूनच नाव बदललं तर नाही चालत का? पॉवरशेलची अजून धास्ती वाटते.

सिंदफणा

चालतं की. त्या चौकटीत शेपटीसकट नाव आधीच भरलेलं असतं. शेपटी खोडायची, आपलं नाव लिहायचं. पण सगळ्याच सर्व्हिसचं तसं नाही. सर्चच्या फॉर्ममध्ये ती चौकट नाही. स्टेट सर्व्हिसला फॉर्मच नाही, ती विझार्डनं नाहीतर पॉवरशेलनंच. युसेजचंही तेच. म्हणून आजच बसा पॉवरशेलला. व्हर्च्युअल मशीनवर फार्म बांधा, मोडा, पुन्हा बांधा. दुसऱ्या खेपेला धास्ती निघून जाते.

मांजराकाठची_डीबीए

मी लातूरची, आता पुण्यात डीबीए (डेटाबेस सांभाळणारी) आहे. एसक्यूएलच्या बाजूने लिहिते, कारण शेअरपॉइंटची मंडळी 'नाव दिलं' म्हणतात तेव्हा त्यांनी तीनपैकी एकच नाव दिलेलं असतं.

डेटाबेसचं नाव एक. त्याच्या आतल्या फायलींची लॉजिकल नावं दुसरी. डिस्कवरच्या एमडीएफ आणि एलडीएफ फायलींची नावं तिसरी. 'ऑल्टर डेटाबेस … मॉडिफाय नेम' ने पहिलं बदलतं, बाकी दोन जशीच्या तशी राहतात. मला एका ठिकाणी असा सर्व्हर मिळाला होता: यादीत डेटाबेस 'इंट्रानेट', डिस्कवर फाइल 'डब्ल्यूएसएस_कंटेंट_२', आणि शेजारीच 'इंट्रानेट.एमडीएफ' नावाची फाइल, जी भलत्याच डेटाबेसची. डिस्क भरत आली होती आणि कोणती फाइल हलवायची हे ठरवताना मी 'सिस.मास्टर_फाइल्स' समोर ठेवून प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली होती. नाव बदलाल तर तिन्ही बदला. लॉजिकल नाव 'मॉडिफाय फाइल' मधल्या 'न्यूनेम' ने बदलतं. डिस्कवरच्या फाइलसाठी आधी तोच 'मॉडिफाय फाइल' वापरून नवा पत्ता द्यायचा, डेटाबेस ऑफलाइन घ्यायचा, फाइलचं नाव बदलायचं आणि पुन्हा ऑनलाइन आणायचा.

दुसरं, ॲडमिन कंटेंटच्या त्या जीयूआयडीत हायफन असतात. टी-एसक्यूएलमध्ये हायफन म्हणजे वजाबाकी. नाव चौकोनी कंसात नसेल तर स्क्रिप्ट तिथेच सिंटॅक्सची चूक दाखवून थांबते. एका जॉबमध्ये डेटाबेस नावाच्या क्रमाने घेतले जात होते. 'शेअरपॉइंट_ॲडमिनकंटेंट' वर तो दर वेळी अडखळायचा आणि त्याच्या पुढचे सगळे डेटाबेस इंडेक्सच्या देखभालीविना राहायचे. जॉब लिहिणाऱ्याने 'कोटनेम' फंक्शन वापरायला हवं होतं हे खरं, पण नावात हायफन आणि स्पेस नसतील तर ही वेळच येत नाही. फक्त अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर. लांबीची मर्यादा १२८ अक्षरांची आहे, म्हणून ती भरायची असं नाही. तीसेक अक्षरांत बसवा, अलर्टच्या मेलच्या विषयात पूर्ण वाचता येतं.

तिसरं, परवानगीचं. शेअरपॉइंटच्या सेटअप खात्याला एसक्यूएलवर डीबीक्रिएटर आणि सिक्युरिटीॲडमिन हे रोल लागतात. बऱ्याच ठिकाणी डीबीए ते द्यायला तयार नसतात, मीही सहज देत नाही. मग डीबीएने रिकामे डेटाबेस आधीच ठरलेल्या नावांनी बनवून द्यायचे, कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारी सेटिंग) 'लॅटिन१_जनरल_सीआय_एएस_केएस_डब्ल्यूएस', सेटअप खातं डीबी_ओनर, आणि शेअरपॉइंटच्या कमांडला तीच नावं द्यायची. मायक्रोसॉफ्टने ही रीत अधिकृतपणे दिलेली आहे. मला ती आवडते, कारण त्यासाठी शेअरपॉइंटवाला आणि डीबीए यांना एका टेबलावर बसून नावांची यादी आधी लिहावी लागते.

आणि सर्व्हरचं खरं नाव कुठेही देऊ नका. प्रत्येक शेअरपॉइंट सर्व्हरवर 'क्लाय-कॉन्फिग' ने एसक्यूएल एलियास (सर्व्हरचं टोपणनाव) बनवा, फार्म त्या एलियासला जोडा. उद्या डेटाबेस दुसऱ्या मशीनवर गेले तर एलियासचा रोख बदलला की झालं.

बालाघाट

मला थोडं वेगळं सांगायचंय. चालू फार्मवर नुसती नावं सुधारायला डेटाबेसना हात लावू नका.

कंटेंट डेटाबेसचं सोपं आहे हे मान्य. 'डिसमाउंट', एसक्यूएलमध्ये नाव बदल, 'माउंट', तेवढा वेळ साइट बंद. पण सर्व्हिस ॲप्लिकेशनची प्रत्येकाची रीत वेगळी. मेटाडेटाला 'सेट' कमांडमध्ये नवं नाव देता येतं, प्रोफाइलची सर्व्हिस काढून त्याच डेटाबेसवर पुन्हा उभी करावी लागते, सर्चला आणखी वेगळं. ॲडमिन कंटेंटसाठी लोक नवा कंटेंट डेटाबेस बनवून 'मूव्ह-एसपीसाइट' ने सेंट्रल ॲडमिनची साइट त्यात हलवतात. प्रत्येक पावलावर काहीतरी राहून जाऊ शकतं. तीन शिफ्टची कंपनी असेल तर कामाला खिडकी मिळते रविवारी रात्रीची चार तास, आणि त्यात नेमकी लाइट गेली तर?

तुम्ही तसेही सबस्क्रिप्शन एडिशनवर जाताय. ते जाणं डेटाबेस अटॅचने होतं, २०१६ वरून थेट. म्हणजे जुन्या डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा आणि नव्या एसक्यूएलवर रिस्टोर करायचा. रिस्टोर करताना नाव तुम्हीच लिहिता! डेटाबेसचं नवं, 'मूव्ह' मध्ये फायलींचं नवं. मग मेटाडेटाची 'न्यू' कमांड त्या नव्या नावाने चालवली की ती रिकामा डेटाबेस न बनवता रिस्टोर केलेलाच उचलते आणि अपग्रेड करते. कंटेंटला आधी 'टेस्ट-एसपीकंटेंटडेटाबेस', मग 'माउंट'. कॉन्फिग आणि ॲडमिन कंटेंट तर नव्या फार्मला नेतच नाहीत, ते तिथे नवे बनतात. नाव बदलायला वेगळी खिडकी नको, वेगळी जोखीम नको. जुन्यावर फक्त कोणता डेटाबेस जिवंत आणि कोणता मेलेला एवढंच शोधा, बॅकअपची यादी आजच्या आज दुरुस्त करा आणि पुढच्या घरात नीट नावं द्या.

एक आठवण: सिक्युअर स्टोअरचा डेटाबेस नुसता नेऊन भागत नाही. त्याची पासफ्रेज लागते. ठेकेदाराच्या त्या वहीत आहे का बघा. नसेल तर आतले पासवर्ड नव्या फार्मवर उघडणार नाहीत.

मांजराकाठची_डीबीए

बालाघाट यांच्याशी पूर्ण सहमत. रिस्टोरच्या वेळी नाव बदलणं हेच सगळ्यात स्वस्त. लॉजिकल नावं मात्र रिस्टोरने बदलत नाहीत, ती नंतर एकेका ओळीने बदलून घ्या.

दुधनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पासफ्रेज वहीत सापडली, शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली. तिचा फोटो काढून आधी तिजोरीतल्या पाकिटात टाकला.

काल रात्री बसून नावांचा साचा केलाय: 'एबीडी_एसपीएसई_एसक्यूएल०२_कंटेंट_क्वालिटी'. म्हणजे शहर, आवृत्ती, सर्व्हर, प्रकार, विभाग. कसा वाटतो?

सिंदफणा

दादा, मेहनत दिसतेय, पण यातले चार तुकडे काढायला सांगणार आहे.

'एबीडी'. आपण सगळे मराठवाड्यातले. २०२३ ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. माझ्याकडं एका ग्राहकाचे डेटाबेस 'ओएसएम' नं सुरू होतात. त्यांचे नवे शिक्के धाराशिवचे, लेटरहेड धाराशिवचं, आणि नवीन लागलेला पोरगा विचारतो की हे ओएसएम म्हणजे काय. गावाचं नाव लोकांच्या मनातली गोष्ट आहे, ती बदलते, बदलावी तेव्हा बदलावीच. डेटाबेसला तिच्याशी बांधू नका. एकाच गावात एकच फार्म असेल तर गावाचा काही उपयोगही नाही.

आवृत्ती. मायक्रोसॉफ्टकडंच बघा. 'डब्ल्यूएसएस_कंटेंट' मधलं डब्ल्यूएसएस म्हणजे विंडोज शेअरपॉइंट सर्व्हिसेस. ते नाव २०१० लाच गेलं, त्याचं शेअरपॉइंट फाउंडेशन झालं. तरी आज नवीन फार्मवर आपसूक येणारं नाव तेच. तुमच्या नावातला 'एसई' दहा वर्षांनी असाच कुणालातरी कोड्यात पाडेल.

सर्व्हरचं नाव ताईंनी आधीच एलियासमध्ये टाकायला सांगितलंय, इथं नकोच. आणि विभाग: कंपनीत विभाग फुटतात, एकत्र येतात. वेब ॲप्लिकेशनचं नाव घ्या, ते टिकतं. मग उरतं काय? कुठल्या वातावरणातला (खरा चालू, म्हणजे प्रॉडक्शन, की टेस्ट), कुठल्या उत्पादनाचा, कशासाठी, कितवा. 'प्रॉड_एसपी_कंटेंट_इंट्रानेट_०१'. शेवटचा आकडा पहिल्यापासून दोन अंकी ठेवा. कंटेंट डेटाबेस साधारण २०० जीबीच्या आत ठेवायची शिफारस आहे, तुमची ड्रॉइंग्ज बघता दुसरा, तिसरा लागणारच.

जालन्याचा_नेटवर्कवाला

'प्रॉड' सगळ्यात पुढे का ते माझ्याकडून ऐका. आमच्याकडे टेस्ट आणि प्रॉडक्शन एकाच एसक्यूएल इन्स्टन्सवर होतं, पैसे वाचवायला. टेस्टचे डेटाबेस 'इंट्रानेट_टेस्ट', खरे 'इंट्रानेट'. महिन्यातून एकदा खऱ्याचा बॅकअप टेस्टवर चढवायचो, 'विथ रिप्लेस' लावून, म्हणजे आधीचा डेटाबेस पुसून त्यावरच. एका संध्याकाळी 'टेस्ट' हा शेवटचा तुकडा कॉपी करताना सुटला. कमांड चालवायच्या एफ५ वर बोट होतं. शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याने फक्त 'थांब' म्हटलं. उलट वेळ असती, जुन्या बॅकअपची फाइल असती, तर तीन आठवड्यांचं काम गेलं असतं.

त्या दिवसापासून वातावरण नावाच्या सुरुवातीला. 'प्रॉड' आणि 'टेस्ट' पहिल्याच अक्षराला वेगळे पडतात, आणि यादीतही खरे सगळे एकत्र, टेस्टचे सगळे एकत्र. पुढच्या बजेटमध्ये इन्स्टन्सही वेगळा केला.

पूर्णाथडी

मी व्हर्च्युअल मशीनवर तिसऱ्यांदा फार्म बांधला. आज एकही शेपटी नाही. सर्चचे चारही एकाखाली एक आले. सिंदफणा सर, खरंच बघून बरं वाटतं.

दुधनाकाठ

तीन आठवड्यांनी परत लिहितोय. शनिवारी रात्री दहाला सुरुवात केली, रविवारी दुपारी तीनला नव्या फार्मवर पहिली फाइल उघडली. एकवीसपैकी चार डेटाबेस मेलेले निघाले. त्यांचा शेवटचा बॅकअप घेऊन वेगळ्या डिस्कवर ठेवला आणि जुन्या सर्व्हरवर ऑफलाइन केले. युझर प्रोफाइलचा सिंक डेटाबेस बघून घाबरलो होतो, आत जवळजवळ काहीच नव्हतं. नंतर वाचलं की २०१६ पासून आतलं सिंकचं इंजिन काढूनच टाकलंय, डेटाबेस तेवढा नावापुरता बनतो.

नव्या नावांची यादी छापून सर्व्हर रॅकच्या दाराला आतून चिकटवली. प्रत्येक नावासमोर तो कशासाठी आहे, हे मराठीत एका ओळीत. पहिल्या पाळीच्या ऑपरेटरने वाचून विचारलं, 'सर, टर्म स्टोअर म्हणजे आपल्या पार्ट फॅमिलीची यादी का?' हो म्हटलं, तीच.

बॅकअप जॉबमधून हाताने टाकलेली नावंही काढली. आता 'प्रॉड_एसपी' ने सुरू होणारे सगळे डेटाबेस 'सिस.डेटाबेसेस' मधून आपोआप घेतले जातात.

मांजराकाठची_डीबीए

छान काम केलंत. पण जॉबमधली ती अट उलटी करा. उद्या कुणी घाईत फॉर्मवरून सर्व्हिस बनवली आणि शेपटीचं नाव तसंच राहिलं, तर ते 'प्रॉड_एसपी' ने सुरू होणार नाही, आणि तोच डेटाबेस पुन्हा बॅकअपबाहेर. जॉबने सगळे डेटाबेस घ्यावेत, फक्त 'टेम्पडीबी' आणि तुम्ही मुद्दाम वगळलेले सोडून. आणि ठरलेल्या साच्यात न बसणारं नाव दिसलं की मेल यावा, अशी छोटी तपासणी वेगळी लावा.

दुधनाकाठ

ताई, हे डोक्यात आलं नव्हतं. आत्ताच बदललं. तपासायला मुद्दाम 'चाचणी' नावाचा रिकामा डेटाबेस बनवून ठेवलाय, रात्री दीडच्या फेरीत त्याची फाइल येते का ते सकाळी बघतो.

दुधनाकाठ

आली. मेलही आला.